एनआयएचएसएसचा व्हिडिओ कोर्स: इंटर्नने करावा का?

पक्षाघात किती मोठा आहे हे मोजायची एनआयएच स्ट्रोक स्केल, म्हणजे एनआयएचएसएस, शिकवणारे व्हिडिओ कोर्स ऑनलाइन मिळतात आणि त्यातले काही मोफत आहेत. आधी तपासायची पद्धत दाखवतात, मग पेशंटच्या चित्रफिती पाहून आपण गुण द्यायचे. पास झालं की प्रमाणपत्र. फायनल इयरचे विद्यार्थी, इंटर्न, मेडिसिनचे ज्युनिअर रेसिडेंट, स्ट्रोक युनिटच्या नर्स, फिजिओथेरपी शिकणारे, सगळ्यांनी हा कोर्स जरूर करावा. मात्र कोर्समध्ये काय नाही, हे ठाऊक असल्याशिवाय वॉर्डात जाऊ नये.

कोर्सचा सगळ्यात कसदार भाग हातापायांच्या ताकदीचा. एकूण ४२ गुणांपैकी (जास्त गुण म्हणजे जास्त बिघाड) १६ इथेच आहेत. पेशंट झोपलेला असेल तर हात ४५ अंशांवर, बसलेला असेल तर ९० अंशांवर, तळवा खाली. सुरुवात चांगल्या हातापासून, एका वेळी एकच हात. मग मोठ्याने १० पर्यंत मोजायचं. हात खाली घसरला पण गादीला टेकला नाही तर १. जोर लावूनही गादीवर आला तर २. उचलता येतच नाही, नुसता गादीवर हलतो तर ३, अजिबात हालचाल नाही तर ४. पाय नेहमी झोपवूनच तपासायचा, ३० अंशांवर, ५ सेकंद. हात सोडताक्षणी जरासा खाली जाऊन सावरला तर त्याला घसरणं म्हणत नाहीत, ही बारकी गोष्ट वाचून कळत नाही, चित्रफितीत डोळ्यांना दिसते. कोर्सची खरी किंमत इथे आहे.

दुसरी हमखास चूक अटॅक्सियाची, म्हणजे हालचालीतल्या बेतालपणाची. हात लुळा आहे म्हणून बोट नाकाला लावता आलं नाही, तर अटॅक्सियाला शून्यच द्यायचा. कमजोरीच्या मानाने जास्त बेतालपणा असेल तरच गुण. बेशुद्ध पेशंटलाही इथे शून्य. नवखे हटकून २ देतात. शिवाय महिना आणि वय विचारताना पहिलं उत्तर तेच धरायचं. पेशंटने नंतर दुरुस्त केलं तरी गुण बदलत नाही, आणि आपण सुचवायचं तर नाहीच.

पण नेमक्या याच प्रश्नाला आपल्याकडचा पेशंट अडतो. जुलैत आजी ‘आषाढ’ सांगतात, वय विचारलं तर ‘साठीच्या पुढं’. कोर्समध्ये याचं उत्तर मिळत नाही. पंचांगाप्रमाणे महिना बरोबर असेल तर तो बरोबरच धरावा. वय पेशंटला आधीपासून माहीत होतं का हे नातेवाइकांना विचारून घ्यावं आणि केसपेपरवर तसं लिहावं, म्हणजे पुढच्या शिफ्टचा डॉक्टरही तोच निकष लावेल. भाषेच्या तपासणीतलं चित्र अमेरिकन स्वयंपाकघराचं आहे: सिंक भरून वाहतंय, मुलगा स्टुलावर चढून बिस्किटं काढतोय. वस्तूंच्या चित्रांत हातमोजा, किल्ली, पीस, खुर्ची, निवडुंग आणि झाडाला बांधायची झोळी. ही चित्रं आपल्याकडे चालून जातात. इंग्रजी वाक्यांचं कार्ड मात्र मराठी पेशंटपुढे धरू नये. त्याच लांबीची सोपी मराठी वाक्यं वाचायला द्यावीत, वाचता येत नसेल तर म्हणून घ्यावीत. वाक्यं युनिटमध्ये सगळ्यांनी एकच ठरवावीत. सकाळी एक वाक्य आणि रात्री दुसरं, असं झालं तर गुणांची तुलनाच होत नाही.

आता मोठी उणीव. स्केल डाव्या मेंदूकडे झुकलेली आहे. प्रश्न, आज्ञा आणि भाषा मिळून ७ गुण थेट बोलण्या-समजण्यावर, म्हणजे बहुतेकांत डाव्या मेंदूवर, अवलंबून आहेत, एका बाजूकडे दुर्लक्ष होण्याला, जे बहुधा उजव्या मेंदूच्या झटक्यात दिसतं, फक्त २. त्यामुळे उजव्या मेंदूचा झटका तेवढ्याच गुणांत जास्त मोठा असू शकतो. मेंदूच्या मागच्या भागाच्या रक्ताभिसरणाचं तर विचारूच नका. वॉलेनबर्ग सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या देठाच्या एका बाजूचा झटका, घ्या: एका बाजूच्या चेहऱ्याची आणि दुसऱ्या बाजूच्या अंगाची वेदना-तापमानाची जाणीव कमी, आवाज घोगरा, गिळता येत नाही, उठून बसलं की तोल जातो. गुण भरतात जेमतेम ३-४, कारण गिळणं आणि धडाचा तोल स्केलमध्ये नाहीतच. लहान मेंदूच्या (सेरेबेलमच्या) झटक्यात गुण शून्यही येऊ शकतात. म्हणून चक्कर आणि उलट्या घेऊन आलेल्या पेशंटला आधार देऊन बसवून, उभं करून पाहायचं. कोर्स ही सवय लावत नाही, ती आपणच लावून घ्यायची.

झटक्याची मेंदूतली जागा कोणती, हेही कोर्स शिकवत नाही. गुणांची बेरीज न पाहता मांडणी पाहिली तर ते कळतं. वाचा गेली, उजवा हात पायापेक्षा लुळा, नजर डावीकडे खेचलेली: डावी मिडल सेरेब्रल धमनी. पाय हातापेक्षा जास्त गेला: अँटिरिअर सेरेब्रल धमनी. चेहरा, हात, पाय सारखेच गेले, पण भाषा, दृष्टी, संवेदना शाबूत: बहुधा लॅक्युनर, म्हणजे खोलवरच्या बारीक धमनीचा छोटा झटका.

उपचाराच्या वेळी नुसत्या बेरजेवर निर्णय घेणं घातक. फक्त वाचा गेलेल्या शिक्षकाचे किंवा हात घसरणाऱ्या सोनाराचे गुण कमी भरतील, पण त्याचं काम थांबवणारा झटका हा किरकोळ झटका नव्हे. पेशंट शेवटचा धड कधी दिसला तिथून साडेचार तासांच्या आत असेल, शुगर पाहिली, सीटीत रक्तस्राव नाही, दुसरी मनाई नाही आणि बीपी १८५/११० च्या खाली आहे, तर गुठळी विरघळवायच्या औषधाचा विचार व्हायलाच हवा. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिग्रॅ, कमाल ९०. ६० किलोच्या पेशंटला ५४ मिग्रॅ: ५.४ मिनिटभरात शिरेतून, उरलेलं ४८.६ तासाभरात. टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५ मिग्रॅ, एकदाच, कमाल २५. नंतर पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला तपासणी, आणि बीपी १८०/१०५ च्या आत. इथे हा कोर्स जीव वाचवतो. गुण ४ किंवा जास्त वाढले तर रक्तस्रावाची शंका, औषध चालू असेल तर बंद, लगेच सीटी. पण सकाळच्या नर्सने दिलेला ६ आणि रात्रीच्या डॉक्टरने दिलेला ६ एकच नसेल, तर ही वाढ खरी की मोजणाऱ्याची, हे कळणार कसं? त्यासाठी दोघांनीही तोच कोर्स केलेला हवा.

फिजिओथेरपीवाल्यांना कोर्स निम्माच पुरतो. बोटांची पकड, चाल, मनःस्थिती यांना स्केलमध्ये गुण नाहीत. डिस्चार्जच्या वेळी गुण २ आणि शर्टाचं बटण लावता येत नाही, असा पेशंट वरचेवर भेटतो. तिथे रोजची कामं किती जमतात हे मोजणारी ० ते १०० ची बार्थेल इंडेक्स आणि अपंगत्व मोजणारी ० ते ६ ची मॉडिफाइड रँकिन लिहावी. तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची वेगळी चाचणी करावी, पाण्याचा घोटसुद्धा त्यानंतरच. आणि तपासताना लुळा हात मनगटाला धरून ओढू नये. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा निसटतो, आणि तो दुखरा खांदा पुढे व्यायामच करू देत नाही. एक हात कोपराखाली, दुसरा खांद्याच्या पात्यामागे ठेवून मगच उचलावा.

कोर्स एकदा करून प्रमाणपत्र फाइलला लावायचं असेल तर वेळ फुकट आहे. चित्रफितींचे गट वेगवेगळे असतात. एक गट आज, दुसरा महिन्याभराने करावा, आणि मधल्या काळात वॉर्डातल्या एकाच पेशंटला दोघांनी स्वतंत्र गुण देऊन कागद शेजारी शेजारी ठेवावेत. फरक बहुतेक वेळा चेहरा आणि अटॅक्सियाच्या रकान्यातच निघतो. तेवढ्याच चित्रफिती पुन्हा पाहाव्यात.