कापडी ग्रो बॅगमधलं लिंबू: मुळांना पूर्ण गुण, बंदांना शून्य

वर्षभर वापरून झाल्यावर झाडं लावायच्या या कापडी पिशव्यांबद्दल लिहायचंच होतं, पण मुहूर्त असा लागेल असं वाटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात लिंबाची पिशवी उन्हाकडे सरकवताना तिचा उचलायचा एक बंद शिवणीतून उसवला, पिशवी कलंडली आणि एका बाजूची माती बाहेर सांडली.

पिशवी जाड काळ्या कापडाची, गोल, ४५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘वजन जास्त भरलं असेल.’ मग हिशेबच करू. या मापात काठोकाठ ६३ लिटर मावतं. पाण्यासाठी वर चार-पाच सेंमी मोकळे सोडले तरी ५५ लिटर मिश्रण बसतं. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं ओलं मिश्रण लिटरला किलोच्या वरच जातं. म्हणजे पाणी दिलेली पिशवी साठ किलोंच्या आसपास भरणारच. वर्णनात ‘फळझाडांसाठी’ लिहायचं आणि बंद मात्र भाजीच्या पिशवीचे लावायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

बंद फक्त वरच्या काठाला दोन आडव्या ओळींत शिवलेला होता. तिथे निदान चौकोनात फुली मारलेली शिवण हवी. खरं तर पट्टा तळाखालून आरपार गेलेला हवा, म्हणजे भार टाक्यांवर येत नाही. दोऱ्याचं तर बोलायलाच नको. कापड उन्हात शाबूत राहिलं आणि दोरा नखाने तुटतोय!

पण त्या सांडलेल्या मातीमुळेच माझं एक मत बदललं. उन्हाळ्यात मी या पिशव्यांवर फार वैतागले होते. चारही बाजूंनी ओल उडून जाते, सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं. अंजीर रोज दुपारी पानं टाकून बसायचं. सगळं पुन्हा प्लास्टिकच्या ड्रममध्ये न्यायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

आता लिंबाची मुळं उघडी पडली आणि मी बघतच राहिले. कडेने गोल फिरलेलं एकही मूळ नाही. कापडापर्यंत पोचलेली टोकं हवेने सुकून थांबली आहेत आणि त्यांच्या मागे बारीक मुळांचं दाट जाळं फुटलंय. पाणी आणि खत घेतात ती हीच मुळं. याच झाडाला ड्रममधून काढलं होतं तेव्हा तळाशी जाडजूड मुळांची वेटोळी बसली होती, ती कापावी लागली होती. त्यामुळे ड्रमचा विचार रद्द. वर वाळक्या पानांचं जाड आच्छादन टाकलंय आणि उन्हाळ्यात पाणी दोन वेळा विभागून द्यायचं.

बाहेरून पांढरा थर येतो, त्याला घाबरू नका. पाण्यातले आणि खतातले क्षार असतात ते. अधूनमधून खालून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी द्यावं. लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या तेव्हा चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह दिलं, पुढची पालवी हिरवी आली. तळाला खडी मात्र घालू नका. बारीक मिश्रणातलं पाणी खडीत सहज उतरत नाही, तिच्या वरच तुंबून राहतं, आणि मुळांची जागा कमी होते ती वेगळीच.

विक्रेत्याने पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. मी नाही म्हटलं, त्याच दोऱ्याने शिवलेली आणखी एक पिशवी घेऊन काय करू? लिंबाच्या पिशवीला तळाखालून नायलॉनचा पट्टा घेतलाय. अंजीर आणि डाळिंबाच्या पिशव्यांनाही त्यांचे बंद तुटायच्या आधीच घेणार आहे. पाचपैकी तीन तारे देतेय, तिन्ही मुळांसाठी. दोरा बदलल्याचं कळवलं तर चौथा लगेच देईन.