वीज-गॅसचा कारभार: नगरसेवकांचं मंडळ की नेमलेलं?

पुतणी लोकप्रशासन शिकते. प्रबंधात कोणती पद्धत उचलून धरावी, यावर अडली होती. मी तिच्यापुढे अमेरिकेतली दोन शहरं ठेवली. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये निवडून आलेले 9 नगरसेवकच वीज-गॅस संस्थेचं मंडळ म्हणून बसतात. मेम्फिसची संस्था 1939 ची; तिथे महापौर 5 सदस्य सुचवतात आणि नगर परिषद त्यांना मंजुरी देते.

जाब विचारायला पहिली पद्धत सोपी. गॅसचं बिल वाढलं की कोणाला धरायचं, हे मतदाराला ठाऊक असतं. पण दरवाढ गरजेची असते नेमकी तेव्हाच निवडणूक आडवी येते, आणि जुन्या वाहिन्या बदलायचं काम मागे पडतं, ही मला खरी भीती वाटते.

खरेदीत मेम्फिस जास्त सावध. ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर आधी मंडळापुढे जाते, मग पुन्हा परिषदेच्या विषयपत्रिकेवर येते. दोन चाळण्या! वेळ मात्र जातो, आणि वादळात खांब पडले की तोच नसतो.

दरांवर लोकांचा थेट ताबा हवा, तिथे पहिली पद्धत घ्यावी. निविदांवरचा विश्वास उडालेल्या शहराला दुसरी. फक्त तातडीच्या खरेदीचा नियम आधीच लिहून ठेवावा.