फाँतनुआ की होहेनफ्रीडबर्ग? १७४५ च्या दोन लढायांपैकी आधी कोणती अभ्यासावी

ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धातली (१७४०–४८) एखादी लढाई मुळापासून समजून घ्यायची, तिचा नकाशा स्वतः काढायचा, अभ्यासमंडळात तासभर मांडायची असं ठरवलं, की निवड बहुतेकदा दोन नावांपाशी येऊन अडते. फाँतनुआ, ११ मे १७४५. होहेनफ्रीडबर्ग, ४ जून १७४५. मध्ये फक्त २४ दिवस. पहिली आजच्या बेल्जियममध्ये झाली आणि मॉरिस द साक्सने ती फ्रान्ससाठी जिंकली. दुसरी सायलेशियात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये झाली आणि प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने ती स्वतःसाठी जिंकली.

दोन्हींची तयारी एकदम करू नका. फाँतनुआचा निकाल दुपारपर्यंत लोंबकळत राहिला, आणि प्रत्येक तासाला कोण कुठे चुकलं ते दाखवता येतं. होहेनफ्रीडबर्गचा निकाल आदल्या रात्रीच जवळजवळ लागला होता. म्हणून अठराव्या शतकातली लढाई प्रत्यक्षात चालते कशी, हे शिकायचं असेल तर आधी फाँतनुआ घ्या. सेनापती लढाई घडवून कशी आणतो, हे शिकायचं असेल तर होहेनफ्रीडबर्ग.

पार्श्वभूमी, लागेल तेवढीच

ऑस्ट्रियाचा राज्यकर्ता सम्राट सहावा कार्ल ऑक्टोबर १७४० मध्ये वारला. मुलीलाही राज्य मिळावं असं फर्मान त्याने १७१३ मध्ये काढलं होतं आणि पुढे त्यासाठी युरोपभरच्या दरबारांकडून वचनं गोळा केली होती. मारिया थेरेसा गादीवर आली तेव्हा २३ वर्षांची होती, आणि डिसेंबरमध्येच फ्रेडरिक सायलेशियात घुसला. पुढे फ्रान्स आणि बव्हेरिया एका बाजूला, ब्रिटन, हॅनोव्हर आणि डच ऑस्ट्रियाच्या बाजूला, अशी मांडणी झाली. १७४५ पर्यंत फ्रान्स आणि प्रशिया एकाच बाजूने पण वेगवेगळं युद्ध लढत होते. या दोन लढाया शेजारी ठेवायच्या त्या याच कारणाने: मित्र एक, शत्रू एक, पद्धती दोन.

फाँतनुआ: एक मोकळी फट

साक्सने एप्रिलअखेर तूर्ने शहराला वेढा घातला. शत्रू वेढा उठवायला येणार हे उघड होतं, म्हणून काही फौज खंदकांत ठेवून उरलेली, सुमारे ५० हजार, घेऊन त्याने शहराच्या आग्नेयेला ७-८ किलोमीटरवर जागा निवडली. नकाशा काढताना आधी फक्त तीन खुणा करा. उजवीकडे शेल्ड नदीला टेकलेलं आंत्वँ गाव. मध्ये फाँतनुआ गाव. डावीकडे बारीचं रान. आंत्वँ आणि फाँतनुआ यांच्यामध्ये साक्सने मातीच्या तीन छोट्या गढ्या उभारल्या, त्यांना रेडाउट म्हणतात. रानाच्या कडेलाही रेडाउट होते. दोन्ही गावांत घरं, भिंती, कुंपणं यांच्या आडोशाला पायदळ आणि तोफा होत्या. नदीपलीकडच्या तोफा आंत्वँकडे येणाऱ्यांच्या बगलेवर मारा करत होत्या.

उरली फाँतनुआ आणि रान यांच्यातली जागा, पाऊण किलोमीटरच्या आसपास. तिथे साक्सने गढी बांधली नाही. दोन्ही बाजूंच्या तोफांच्या माऱ्यातून इथे कोणी शिरणार नाही असा त्याचा हिशोब होता. तो चुकला, आणि नंतर त्याने ते मान्यही केलं. सगळी लढाई या फटीत आहे.

समोर साधारण तेवढीच फौज होती: ब्रिटिश, हॅनोव्हरी, डच आणि थोडे ऑस्ट्रियन. सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड, वय २४. त्याची योजना कागदावर ठीक होती. डचांनी फाँतनुआ आणि आंत्वँ घ्यायचं, ब्रिगेडियर इंगोल्ड्सबीने रानाकडचा रेडाउट घ्यायचा, आणि दोन्ही बाजूंचा मारा थांबला की मधून मुख्य पायदळ घालायचं. बिघडलं ते असं. रानात फ्रेंचांचे हलके बंदूकधारी लपले होते. त्यांची संख्या इंगोल्ड्सबीला कळेना. तो थांबला, तोफा मागवत राहिला, आणि रेडाउट शेवटपर्यंत फ्रेंचांकडेच राहिला. डचांचे हल्ले गावांच्या भिंतींवर आणि नदीपलीकडच्या तोफांवर आपटून मागे आले. ब्रिटिश घोडदळाचा प्रमुख कँबेल सुरुवातीलाच जबर जखमी झाला आणि घोडदळ पुढच्या कामाला वेळेवर आलंच नाही. योजनेचे दोन पाय मोडलेले असताना कंबरलंडने तिसरा पुढे टाकला: सुमारे १५ हजार ब्रिटिश आणि हॅनोव्हरी पायदळ थेट फटीत.

इथे घाई करू नका. हे पायदळ निघालं तेव्हा लांब, सरळ रांगांत होतं. दोन्ही बगलांवरून गोळे येत होते, म्हणून कडेच्या पलटणी मध्याकडे दबत गेल्या. रांग अरुंद आणि जाड होत होत तिचा स्तंभ झाला. तो कोणी ठरवून बनवला नव्हता, माऱ्याने बनवला. चढावर आल्यावर समोर फ्रेंच गार्ड पलटणी उभ्या होत्या, मध्ये जेमतेम ३०-५० पावलं. इंग्रज अधिकाऱ्याने टोपी काढून ‘आधी तुम्ही झाडा’ म्हटल्याची गोष्ट सगळीकडे सापडते. ती मांडायचीच असेल तर आख्यायिका म्हणून मांडा. तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे: ज्याची बंदूक आधी रिकामी होते तो पुढची काही सेकंदं निःशस्त्र असतो, म्हणून पहिली फैर राखून ठेवणं हा नफ्याचा सौदा होता. ब्रिटिशांची पद्धत प्लाटूनवार फैरीची होती. पलटणीचे भाग पाडून ते आळीपाळीने झाडायचे, त्यामुळे काही बंदुका कायम भरलेल्या राहायच्या. त्या फैरींनी शेकडो फ्रेंच गार्ड पडले आणि उरलेले मागे सरकले.

स्तंभ फ्रेंच तळाच्या आत शिरला आणि तिथेच अडकला. पुढे जावं तर मदतीला घोडदळ नाही. थांबावं तर तिन्ही बाजूंनी शत्रू. त्यांनी तीन बाजूंचा पोकळ चौकोन धरला आणि फ्रेंच घोडदळाचे एकामागून एक हल्ले परतवले. साक्स तेव्हा जलोदराने इतका आजारी होता की त्याला वेताच्या गाडीत बसवून रणांगणावर फिरवत होते, आणि तहान मारायला तो शिशाची गोळी चघळत होता. त्याने तुकड्यातुकड्यांनी हल्ले करणं थांबवलं, तोफा जवळ आणून चौकोनावर लावल्या, आणि राखीव फौज एकाच वेळी सगळीकडून सोडली. तिच्यात फ्रेंच चाकरीतल्या आयरिश ब्रिगेडच्या सहा पलटणी होत्या. दुपारी स्तंभ मागे हटला, पण रांगा न मोडता. मेलेले आणि जखमी मिळून फ्रेंचांचे सात-आठ हजार गेले, कंबरलंडच्या फौजेचे दहा हजारांच्या वर.

पानिपतातली ‘गोलाची लढाई’ वाचलेल्यांना हा चौकोन अनोळखी वाटणार नाही. गोल टिकवायचा तर आतल्या प्रत्येक पथकाला एकच कवायत यावी लागते. फाँतनुआला ती होती म्हणून पायदळ तासन्‌तास एकत्र राहिलं. धागा नुसता कल्पनेचाही नाही. आयरिश ब्रिगेडमधली एक पलटण लाली या फ्रेंच सेनानीची होती. हाच लाली १७५८ मध्ये पाँडिचेरीला आला आणि त्याने फ्रेंच सेनानी बुसीला हैदराबादहून परत बोलावलं. बुसीच्या हाताखाली कवायती पायदळाचं तंत्र शिकलेला इब्राहिमखान पुढे सदाशिवरावभाऊंकडे आला. जानेवारी १७६१ मध्ये भाऊंची फौज पानिपतावर संपली आणि त्याच महिन्यात लालीने पाँडिचेरी इंग्रजांच्या हवाली केलं.

होहेनफ्रीडबर्ग: आदल्या रात्रीचं काम

फ्रेडरिक तेव्हा ३३ वर्षांचा होता आणि नुकताच तोंडघशी पडला होता. १७४४ च्या शरदात त्याने प्राग घेतलं, पण ऑस्ट्रियन सेनानी ट्राउनने लढाईच दिली नाही. रसद तोडत, अवघड जागा धरत त्याने फ्रेडरिकला बोहेमियातून बाहेर काढलं. प्रशियन शिपाई हजारोंनी पळून गेले. १७४५ च्या वसंतात ट्राउनची नेमणूक दुसरीकडे झाली आणि समोर उरला लोरेनचा प्रिन्स कार्ल, मारिया थेरेसाचा दीर. ट्राउन जागेवर असता तर ४ जूनचा डाव इतक्या सहज लागला नसता, असं माझं मत आहे.

डाव असा. आपण घाबरून सायलेशियातल्या ब्रेस्लाउ शहराकडे मागे हटतोय अशी बातमी फ्रेडरिकने दुहेरी हेराकरवी पसरवली आणि ती खरी वाटावी म्हणून त्या दिशेचे रस्ते दुरुस्त करून घेतले. ऑस्ट्रिया आणि तिच्या बाजूचं जर्मन राज्य सॅक्सनी यांची फौज ३ जूनला निर्धास्तपणे डोंगर उतरून मैदानात आली. दोन्हीकडे साधारण ५५ ते ६० हजार माणसं होती. रात्री प्रशियन तळावरच्या शेकोट्या तशाच जळत ठेवल्या आणि फौज उत्तरेकडे श्ट्रीगाउ गावाच्या दिशेने निघाली. बोलायचं नाही, तंबाखू ओढायची नाही. पहाटे ओढा ओलांडून ती डावीकडे वळली आणि शत्रूच्या उत्तर टोकाला असलेल्या सॅक्सनांवर पडली. सात वाजेपर्यंत सॅक्सन संपले होते. कार्लने तोफांचा आवाज ऐकला होता, पण त्याला वाटलं, सॅक्सनच श्ट्रीगाउ घेत आहेत.

घोळ प्रशियनांचाही झाला, आणि तो सोडू नका. काही घोडदळ पार होताच ओढ्यावरचा पूल मोडला. पुढे गेलेली तुकडी एकटी पडली असती. प्रशियन घोडदळाचा सेनानी त्सीटन याला ओढ्यात पायउताराची जागा सापडली म्हणून ती वाचली. पायदळाच्या रांगेतही खिंडार पडलं. त्या खिंडाराच्या मागे बायरॉइट ड्रॅगून ही प्रशियन घोडदळाची पलटण उभी होती: १० स्क्वाड्रन (तुकड्या), सुमारे १५०० स्वार. प्रशियन सेनानी गेस्लरने ते खिंडारातून पुढे घातले. समोरचं ऑस्ट्रियन पायदळ प्रशियन बंदुकांनी आधीच खिळखिळं झालं होतं. ड्रॅगूनांनी ते उधळलं, साठाहून जास्त निशाणं आणि सुमारे २५०० कैदी घेतले. स्वतःचे शंभरही गमावले नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास सगळं आटोपलं. प्रशियाचे पावणेपाच हजारांच्या आसपास गेले, ऑस्ट्रियन-सॅक्सनांचे तेरा हजारांच्या वर, त्यात निम्मे कैदी.

या धडकेचं मूळ चार वर्षं मागे आहे. मॉलविट्झला (एप्रिल १७४१) प्रशियन घोडदळ फुटलं, खुद्द फ्रेडरिक मैदान सोडून गेला, आणि त्याचा सेनानी श्वेरीनने पायदळाच्या जोरावर लढाई सावरली. दारू-गोळी ठासायच्या लोखंडी गजामुळे प्रशियन शिपाई ऑस्ट्रियनांच्या लाकडी गजापेक्षा झपाट्याने बंदूक ठासत होता. फ्रेडरिकने त्यानंतर घोडदळाला नवी शिस्त लावली: हल्ल्याची वाट पाहायची नाही, आधी आपण तुटून पडायचं. मॉलविट्झवर पंधरा मिनिटं खर्च केल्याशिवाय होहेनफ्रीडबर्ग मांडू नका. नाहीतर ड्रॅगूनांची धडक नुसता चमत्कार वाटते.

साक्स की फ्रेडरिक

साक्स जागा आधी निवडतो, ती मातीकामाने भक्कम करतो, राखीव फौज हातात ठेवतो आणि शत्रूला येऊ देतो. माघारीसाठी शेल्डवरचा पूलही त्याने राखला होता. एक अंदाज चुकला तरी तो सावरू शकला, कारण मागे थरावर थर होते. फ्रेडरिक वेळ निवडतो. शत्रू नेमका कुठे आणि कोणत्या समजात असेल हे तो ठरवतो, आणि पहिला घाव बसल्यावर त्याला थांबता येत नाही. पूल मोडला तेव्हा त्याच्याकडे दुसरी योजना नव्हती, फक्त चांगले अधिकारी होते. शिकायला साक्स सोपा, कारण त्याचं काम जमिनीवर दिसतं.

परिणामांच्या बाजूने पारडं उलटं झुकतं. फाँतनुआनंतर तूर्ने, गेंट, ब्रूज, ऑस्टेंड पडले, पुढे ब्रसेल्सही. पण १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात फ्रान्सने हा सगळा मुलूख परत केला. त्याच तहात मद्रास इंग्रजांना परत मिळालं आणि उत्तर अमेरिकेतला लुईबर्गचा किल्ला फ्रान्सला. फ्रेडरिकने मात्र डिसेंबर १७४५ च्या ड्रेस्डेनच्या तहात सायलेशिया राखला, आणि तो त्याच्याकडेच राहिला. विषय ‘लढाईने काय बदललं’ असा असेल तर होहेनफ्रीडबर्गच घ्या.

अडखळायच्या जागा

इंग्रजी कागदपत्रांत फाँतनुआची तारीख ३० एप्रिल दिसेल. ब्रिटन १७५२ पर्यंत जुनं पंचांग वापरत होतं, ११ दिवसांचा फरक. फाँतनुआ नावाची दुसरी लढाई ८४१ मधली, बर्गंडीतली; शोधताना ती मध्ये येते. मॉलविट्झचा श्वेरीन आणि ड्रॅगूनांबरोबर धावलेला श्वेरीन हे दोन वेगळे गृहस्थ. कार्ल नावाचे तर तीन आहेत: दोन सम्राट आणि एक हरलेला सेनापती. आजच्या नकाशावर होहेनफ्रीडबर्ग सापडणार नाही. दोब्रोमिएश शोधा, आणि श्ट्रीगाउसाठी स्त्शेगोम.

जायचंच असेल तर फाँतनुआ सोपं पडतं. गावात आयरिश शिपायांच्या स्मरणार्थ १९०७ मध्ये उभारलेला दगडी क्रूस आहे, आणि गावाकडून रानाच्या दिशेने चालत गेलं की कंबरलंडची फट दहा मिनिटांत पायाखालून जाते.