छापील १०,००० एमएएच, आत जेमतेम ४,०००: स्वस्त टॅबलेट आणि बदली बॅटरीतली फसवणूक

पाच-साडेपाच हजारांत दहा इंची टॅबलेट, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, १०,००० एमएएच बॅटरी. शाळा सुरू व्हायच्या सुमारास आणि दिवाळीत अशा जाहिराती उधाणाला येतात. रॅम-स्टोरेजची थाप त्यात असतेच, पण ती लवकर उघडी पडते. बॅटरीची थाप मात्र माल बदलून घ्यायची मुदत संपेपर्यंत टिकते, आणि विकणाऱ्याचं गणित नेमकं त्यावर बेतलेलं असतं.

प्रकार साधारण असा घडतो. पहिले एक-दोन दिवस घेणारा लॉगिन आणि अ‍ॅपमध्ये गुंतलेला. चार्जिंग भराभर उतरतंय हे लक्षात आल्यावर तो विचारतो, तेव्हा उत्तर येतं, "नवीन बॅटरी आहे, चार-पाच वेळा फुल चार्ज करून पूर्ण उतरवा, सेट होईल." लिथियम बॅटरीला असं सेट व्हावं लागत नाही. ती पहिल्याच चार्जला जवळपास पूर्ण क्षमता देते. हा सल्ला निकेल-कॅडमियम सेलच्या जमान्यातला आहे. पण पाच वेळा भरून उतरवण्यात पाच-सहा दिवस जातात, आणि ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची मुदत बहुधा सातच दिवसांची. आठव्या दिवशी भाषा बदलते: "बॅटरी-चार्जरवर वॉरंटी नसते."

दरम्यान घेणाऱ्याने अ‍ॅप टाकून बघितलेलं असतं आणि अ‍ॅपने १०,००० एमएएच दाखवलेलं असतं. इथे भले भले फसतात. अँड्रॉइडमध्ये पॉवर प्रोफाइल नावाची एक फाइल असते, बॅटरीची 'मूळ क्षमता' बहुतेक अ‍ॅप तिथून वाचतात. तो आकडा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने हाताने लिहिलेला असतो, मोजलेला नसतो. अगदी स्वस्त टॅबलेटमध्ये आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी चिपही अनेकदा नसते. टक्केवारी नुसत्या व्होल्टेजवरून काढलेली असते, म्हणून ३५ टक्क्यांवरून टॅबलेट एकदम बंद पडतो. तेव्हा अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पाठवू नका, तो विकणाऱ्याच्याच बाजूने बोलतो.

खरं काय ते चार्जिंगच्या वेळेवरून कळतं, तेही फुकटात. एमएएचला ३.७ ने, म्हणजे बॅटरीच्या सरासरी व्होल्टेजने, गुणून १,००० ने भागलं की वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, मिळतात. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-अवर. सोबतचा चार्जर ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅटचा. वाटेत १५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते असं धरलं, तरी ही बॅटरी सव्वाचार तासांच्या आत भरूच शकत नाही. शेवटच्या टप्प्यात करंट कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाच-सहा तास हवेत. टॅबलेट आपोआप बंद पडेपर्यंत उतरवा, बंद अवस्थेतच चार्जिंगला लावा, घड्याळ बघा. अडीच तासांत १०० टक्के झालं तर आत जास्तीत जास्त पावणेसहा हजार एमएएच आहेत, बहुधा त्याहून बरेच कमी.

पक्का आकडा हवा तर चार-पाचशे रुपयांचा यूएसबी मीटर चार्जर आणि केबलच्या मध्ये लावा. त्यावर एमएएच नको, वॅट-अवर वाचा. मीटरवरचे एमएएच ५ व्होल्टचे असतात आणि बॅटरीचे ३.७ चे, त्यामुळे त्यांची थेट तुलना केली की घोळ होतो. समजा १७ वॅट-अवर आले. त्याला ०.८५ ने गुणा, ३.७ ने भागा: साधारण ३,९०० एमएएच. मीटरचा आकडा, टॅबलेटचा स्क्रीन आणि खोक्यावरचा छापील आकडा एकाच व्हिडिओत घ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या आत तक्रार नोंदवा.

घेण्याआधीची चाचणी त्याहून सोपी: वजन. गॅलेक्सी टॅब ए९ प्लसमध्ये ७,०४० एमएएच आहेत आणि तो ४८० ग्रॅमचा. टॅब एस९ प्लसमध्ये १०,०९० आहेत, वजन ५८१ ग्रॅम. ३७ वॅट-अवरची बॅटरी एकटीच दीडशे ग्रॅमच्या खाली सहसा येत नाही. १०,००० चा दावा करणारा दहा इंची टॅबलेट चारशे ग्रॅमच्या आसपास भरत असेल तर पुढे चौकशी करायची गरज नाही. उलटं मात्र खरं धरू नका, वजन भरायला लोखंडी पट्टी घालणारेही आहेत.

टॅबलेट उघडण्याची वेळ आली तर पाउचवरचा, म्हणजे बॅटरीच्या चपट्या पाकिटावरचा, कोड वाचा. ३५९०१०० म्हणजे जाडी ३.५ मिलिमीटर, रुंदी ९०, लांबी १००. घनफळ ३१.५ घन सेंटिमीटर. साध्या पाउचमध्ये एका घन सेंटिमीटरला १२० ते १३० एमएएच बसतात, उत्तम दर्जाच्या पाउचमध्ये १६० च्या आगेमागे. म्हणजे या मापात चार हजार, फार तर पाच. स्टिकरवर काहीही छापा, मोजपट्टी खोटं बोलत नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. '४+८' असं लिहिलेलं असेल तर ४ जीबी खरी, उरलेली ८ स्टोरेजमधून उसनी घेतलेली. स्टोरेज तपासायला ओटीजीने (टॅबलेटला पेन ड्राइव्ह जोडायच्या अडॅप्टरने) पेन ड्राइव्ह लावून साठ-सत्तर जीबी व्हिडिओ आत टाका आणि सगळ्यात आधी टाकलेली फाइल उघडून बघा. बनावट स्टोरेज जागा संपल्याचं सांगत नाही, गुपचूप जुन्यावर नवं लिहितं.

आता बदली बॅटरी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, कुठेही गेलात तरी 'ओरिजिनल' आणि 'कॉपी' असे दोन भाव सांगतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच खोक्यातून निघतात. इथे क्षमतेपेक्षा व्होल्टेजची फसवणूक घातक. जुन्या बॅटरीवर चार्ज व्होल्टेज छापलेलं असतं: ३.७ व्होल्टवाली ४.२ पर्यंत भरते, ३.८ वाली ४.३५ पर्यंत, ३.८५ वाली ४.४ पर्यंत. ४.३५ च्या टॅबलेटमध्ये ४.२ ची बॅटरी बसवली की टॅबलेट ती ४.३५ पर्यंत भरायला जातो. संरक्षक सर्किट चांगलं असेल तर ४.२८ च्या आसपास ते तोडतं आणि चार्जिंग कधीच पूर्ण होत नाही. सर्किट हलकं असेल तर बॅटरी काही महिन्यांत फुगते आणि स्क्रीन उचलते. "३.७ काय नि ३.८ काय, एकच" असं दुकानदार म्हणाला तर उठा तिथून. उलट अदलाबदल, म्हणजे ४.२ च्या टॅबलेटमध्ये ४.३५ ची बॅटरी, चालून जाते. फक्त क्षमता थोडी कमी मिळते.

दुसरी चलाखी तिसऱ्या तारेची. लाल आणि काळ्या तारेसोबत पांढरी किंवा पिवळी तार असेल तर ती बहुधा तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरची. कॉपी बॅटरीत त्या जागी कधी कधी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावलेला असतो. मग बॅटरी कितीही तापली तरी टॅबलेटला ती कायम २५ अंशांवर वाटते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तिसरी तार आणि काळी तार मोजा, मग थर्मिस्टरची जागा बोटांत धरून अर्धा मिनिट गरम करा. आकडा उतरला तर थर्मिस्टर आहे, ढिम्म हलला नाही तर रेझिस्टर. त्याच मीटरने व्होल्टेजही बघा. नवी बॅटरी ३.७ ते ३.८५ च्या दरम्यान येते, ३ च्या खाली असेल तर वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल.

कनेक्टर सारखा दिसला म्हणून लगेच खोचू नका. दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये धन बाजू कुठली याला काही नियम नाही, आणि उलटी लागली तर चार्जिंगची चिप क्षणात जाते. तारा बदलायच्या असतील तर एका वेळी एकच कापायची, कापलेल्या टोकाला टेप लावून मगच दुसरी. दोन्ही एकदम कात्रीत धरल्या की तिथेच शॉर्ट.

सुटे १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब गोल बॅटरी) घालायचे हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून वापरायची छोटी उपकरणं, घेणाऱ्यांसाठी: या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास असते आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम. ९,८०० किंवा ९,९०० छापलेला सेल उचलून बघा, हाताला हलका लागेल. दुसरा धंदा जुन्या लॅपटॉप बॅटरीतले सेल काढून नवं रंगीत वेष्टन चढवायचा. खालच्या ऋण टोकावर स्पॉट वेल्डिंगचे दोन-चार खड्डे दिसले की सेल वापरलेला. संरक्षक सर्किटचा सेल ६५ ऐवजी ६९-७० मिलिमीटर लांब असतो आणि अनेक हँडहेल्डच्या कप्प्यात बसत नाही, तोही मोजून घ्या.

भारतात विकायच्या टॅबलेटला आणि बॅटरीलाही बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आर अक्षरापुढे आठ आकडे असतात, बॅटरीसाठी मानक आयएस १६०४६. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाका. क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नका, समोर येणारा उत्पादक आणि वस्तू जुळते का ते बघा. दुसऱ्याचा क्रमांक उचलून छापणं सर्रास चालतं.

माल परत घ्यायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. सोबत बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मीटरचा व्हिडिओ हवा. जाहिरात त्याच दिवशी जतन करा, तक्रार गेल्यावर ती बदललेली दिसते. पावतीवर नुसतं 'टॅबलेट' लिहून देत असतील तर '१०,००० एमएएच' हे शब्द लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर पैसे खिशातच राहू द्या.