झेनिथचं रडर किट: पिरनवाडीच्या शेडमध्ये बनवून बघितलं

स्वतःचं विमान बनवायचं डोक्यात असलेल्यांसाठी लिहितोय, मी सुरू केलं तेव्हा मराठीत विचारायला कोण नव्हतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथ आणि मिलिंगवर वीसेक वर्षं काढलीत, विमानाचं शिक्षण काही नाही, पण पत्रा, होल आणि मायक्रोमीटर कळतं.

किट आहे अमेरिकेतल्या मिसुरीच्या झेनिथ कंपनीचं. स्टॉल सीएच ७५० नावाचं त्यांचं दोन सीटचं अ‍ॅल्युमिनियमचं विमान आहे, त्याचं नुसतं रडर, म्हणजे शेपटीचा उभा भाग. हे ते वेगळं विकतात, आधी एवढंच बनवून बघा, जमलं आणि आवडलं तर पुढचं घ्या. डिझाइन ख्रिस हाइन्ट्झ यांचं, पूर्वी काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या विमानाच्या कामात होते. या मॉडेलला शेपटीवर वेगळी, न हलणारी उभी फिन नसते, अख्खं रडरच फिरतं, त्यामुळं जे बनवताय ते खरंच विमान वळवणारं अंग आहे हे पहिल्या दिवसापासून मनात ठेवायला लागतं.

खोका आला तेव्हा एक कोपरा दबलेला होता, कस्टम आणि वाहतुकीत कुठंतरी आपटलाय, ज्यांच्याकडून आला त्यांनी हात वर केले. नशिबानं आतला पत्रा शाबूत होता. मागवणाऱ्यांनी खोका उघडायच्या आधी चारी बाजूनं फोटो काढाच. आणि भाडं, ड्युटी सगळं मिळून किटच्या किमतीवर बराच बोजा चढतो, ते आधी विचारून घ्या.

आता माल. पत्रा ६०६१-टी६, उद्यमबागेत या ग्रेडचे जॉब आपण रोज करतो, पण इतका पातळ आणि इतका स्वच्छ पत्रा मी पहिल्यांदा हाताळला. बरीचशी होलं आधीच मारलेली, ड्रॉइंग वाचायला सोपं, रिब, म्हणजे आतली फासळी, बसवला की होल होलावर येतं. इथं मी पैकीच्या पैकी देतो.

रिव्हेटचं मात्र सविस्तर सांगतो, कारण खरं शिकणं तिथंच आहे. रिव्हेट म्हणजे पत्रे कायमचे जोडणारी खिळी, होलात घालून गननं तिची दांडी ओढायची. यात ए-४ आणि ए-५ असे दोन रिव्हेट, ए-४ म्हणजे १/८ इंची आणि ए-५ म्हणजे ५/३२. डोकं चपटं येतं, पण गनचं तोंड आतून खोलगट केलेलं असतं, ओढताना डोकं दाबून गोल घुमटासारखं होतं. टक् असा आवाज येऊन दांडी तुटली की बोट फिरवून बघायचं, डोकं पत्र्याला सगळीकडून चिकटलंय का. एका बाजूला नखाची कड जरी आत गेली तरी तो रिव्हेट ड्रिल करून काढायचा. पहिल्या दिवशी मी अकरा काढले.

माझी चूक पण लिहितो. ए-४ ला नंबर ३० चं ड्रिल लागतं, म्हणजे ३.२६ मिमी. बेळगावच्या दुकानात नंबरची ड्रिलं मिळाली नाहीत, एकानं ३.३ दिलं आणि म्हणाला एकच आहे. साईज जवळ होती पण ड्रिल वाकडं फिरायचं, एक होल लांबट झालं. असं झालं तर ए-४ च्या जागी ए-५ टाकता येतो, पण होलाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर पाहिजे, म्हणजे ४ मिमीच्या रिव्हेटला ८ मिमी. माझं साडेसात भरलं. भाचा म्हणाला मामा अर्धा मिमी कोण बघतंय, मी त्याला म्हटलं वर गेल्यावर तोच अर्धा मिमी बघतो. कंपनीला मेल केला, फोटो पाठवला, त्यांनी स्पष्ट सांगितलं की पार्ट बदला. बदलला. ड्रिलं शेवटी बाहेरून मागवली, तुम्ही किटबरोबरच मागवा, क्लेको पण. क्लेको म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे स्प्रिंगचे चिमटे, १/८ ला तांब्याच्या रंगाचे असतात.

आणि पत्र्यावर पेन्सिलीनं खूण करू नका. आपल्याला शॉपवर सवय असते, पण पेन्सिलीतल्या ग्राफाइटमुळं अ‍ॅल्युमिनियमला त्या रेषेवर गंज धरतो. बारीक मार्कर वापरायचा. होल मारून झालं की पत्रे परत सुटे करायचे, मधला चुरा पुसायचा, प्रत्येक होलाचा बर, म्हणजे कडेला उठलेली धार, काढायचा, मग प्रायमर, मग रिव्हेट. मी मोठं ड्रिल हातात धरून दोन वळसे द्यायचो, तेवढ्यात बर निघतो, जास्त फिरवलं की होल खोल पडतं. पावसाळ्यात इथल्या हवेत प्रायमर लवकर वाळत नाही, जुलैत मी ते काम थांबवलं आणि गणपतीनंतर घेतलं.

आता सर्टिफिकेटचं. अमेरिकेत एक्सपेरिमेंटल होमबिल्टला, म्हणजे स्वतः बनवलेल्या विमानाला, अर्ध्यापेक्षा जास्त काम बनवणाऱ्यानं स्वतः केलंय हे दाखवायला लागतं, त्यामुळं झेनिथवाले रोजचं काम लिहून ठेवा म्हणतात. आपल्याकडं सगळं डीजीसीएच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विमान खात्याच्या हातात, व्हीटीनं सुरू होणारा नोंदणी नंबर आणि उडायची परवानगी दोन्ही वेगवेगळं. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं, नोंदणी झाली २०१७ ला आणि परमिट टू फ्लाय मिळालं २०१९ ला. एवढ्या मोठ्या पठ्ठ्याला जर इतकी वर्षं लागली तर आपण पहिल्या रिव्हेटपासून वही ठेवायलाच पाहिजे. माझ्या वहीत तारीख, काय केलं, कुठलं ड्रिल, कुठला पत्रा, बिल, फोटो सगळं आहे, तो बदललेला पार्ट पण. उद्यमबागेत स्टेज इन्स्पेक्शन, म्हणजे टप्प्याटप्प्याची तपासणी, केलेल्याला हे जड जात नाही, आणि बेळगावजवळच्या हत्तरगीच्या सेझमध्ये एअरबसचे पार्ट बनतात, म्हणजे हे कागदाचं काम आपल्या भागातल्या पोरांना येतं.

इंजिन आधी घेऊन ठेवू नका, हे कळकळीनं सांगतो. यात बरेच जण रोटॅक्स ९१२ यूएलएस बसवतात, १०० हॉर्सपॉवरचं. त्याचे रबराचे पाइप वगैरे दर ५ वर्षांनी बदलायला लागतात, उडवा नाहीतर नका उडवू. परवानगीची वाट बघत शेडमध्ये ठेवलं तरी ती वर्षं मोजली जातातच. आधी डीजीसीएला लेखी विचारा, तुमच्या वजनाच्या आणि प्रकारच्या विमानाला कुठले नियम लागतात ते, उत्तर येऊ दे, मग पैसे टाका. बेळगावचं सांबऱ्याचं विमानतळ जवळ आहे म्हणून तिथं उडवू असंही धरून चालू नका, तिथं हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आहे, जागेचा प्रश्न पण आधीच विचारून ठेवायचा.

एकूण किट घ्यावं का? मशीनवर हात बसलेला असेल, ड्रॉइंग वाचता येत असेल तर डोळे झाकून घ्या. संध्याकाळी दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस असं करून मला साडेचार महिने लागले, त्यात पावसाचा खंड धरलाय. आमच्या शेजारच्या फाउंड्रीतले अण्णा बघायला आले, त्यांनी रडर एका हातानं उचललं आणि बराच वेळ तसंच धरून उभे राहिले, मग कन्नडमध्ये म्हणाले, एवढं हलकं? सध्या ते शेडमध्ये भिंतीला जुन्या चादरीत गुंडाळून टांगलंय, आणि आडव्या शेपटीच्या किटची ऑर्डर मी गेल्या आठवड्यात दिली.