जुन्या जीपची ओळख: चेसिस नंबर की इंजिन नंबर?
दुसऱ्या महायुद्धातली जीप घेताना आरसीवरचे दोन्ही नंबर गाडीशी ताडून पाहावेतच. पण एकच जुळत असेल, तर माझा कौल चेसिस नंबरला. इंजिनं बदलली जातात. आपल्याकडे तर कितीतरी जीपांची मूळ पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली गेली.

चेसिस नंबर शोधायला मात्र कष्ट पडतात. युद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली: फोर्डची ती जीपीडब्ल्यू, विलीजची ती एमबी. फोर्ड जीपीडब्ल्यूमध्ये तो डाव्या चेसिस-पट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनाजवळ, थेट पोलादात ठोकलेला असतो. त्यावर ग्रीसचा थर साचलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, अंक जातील! रॉकेल लावून मऊ ब्रशने पुसा आणि टॉर्च तिरकी धरा. अंक उठून दिसतात. विलीज एमबीमध्ये पुढच्या बंपरमागे, डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला छोटी पाटी असते. ती काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून एकट्या पाटीवर भिस्त नको.

इंजिन नंबर सोपा: उजवीकडे, ऑइल फिल्टरच्या मागे. फोर्डच्या जीपमध्ये कारखान्यातून निघताना दोन्ही नंबर एकच असत. आजही जुळले तर तो मोठाच योग. विलीजमध्ये ते मुळातच वेगळे, तेव्हा फरक पाहून गाडी नाकारू नका.