एमसीक्यू-३० की ब्राउन स्केल?
प्रबंधासाठी बीडीडीच्या (आपल्या दिसण्यात मोठा दोष आहे असं सतत वाटत राहण्याचा विकार) रुग्णांना एमसीक्यू-३० ही विचारांबद्दलच्या समजुतींची प्रश्नावली (परीक्षेतली एमसीक्यू नव्हे!) द्यावी की समजूत किती पक्की आहे हे मोजणारी ब्राउन स्केल लावावी, असं एका विद्यार्थिनीने विचारलं.

मुळात दोन्ही मोजतात वेगळंच. 'माझं नाक वाकडं आहे' यावर रुग्ण किती ठाम आहे, हे ब्राउन पाहते. 'नाकाचा विचार सुरू झाला की माझ्याच्याने थांबवत नाही' ही झाली विचाराबद्दलची समजूत. ती एमसीक्यूत सापडते. पण तिथली विधानं काळजी, स्मरणशक्ती आणि एकूणच विचारांबद्दलची, दिसण्याबद्दल एकही नाही. हे मला खटकतं.

कष्ट? एमसीक्यूची ३० विधानं रुग्ण स्वतः भरतो. ब्राउनचे प्रश्न ७च, पण समोर बसून विचारायला सराव लागतो. बेरीज पहिल्या ६ची, ० ते २४.

मेटाकॉग्निटिव्ह थेरपीचा (विचारांबद्दलच्या समजुती बदलणाऱ्या उपचाराचा) परिणाम बघायचाय? एमसीक्यू. दिसण्याबद्दलची समजूत भ्रमाच्या किती जवळ गेलीय ते हवं असेल, तर ब्राउन.